ढालीवरचा चेहरा

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या उथळ समुद्रात प्रवाळ आहे, हे मालवणला जाणाऱ्या पर्यटकांना आता सांगावे लागत नाही. १९८७ मध्ये हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि पाण्यात डोके बुडवून प्रवाळ पाहण्याची हौस पुढे वाढतच गेली. मात्र मंगळाचे रत्न म्हणून मालवणचा किंवा सावंतवाडीचा सोनार अंगठीत बसवून देतो ते तांबडे पोवळे या पाण्यातले नव्हे. ती जात भूमध्य समुद्रातली. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नो बंदरातून असे पोवळे जहाजांनी गोव्याला येत असे आणि त्याच्या मोबदल्यात इथले हिरे तिकडे जात. लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी आणि गोव्यातील सारस्वत व्यापारी यांच्यात हा व्यवहार एकमेकांचे तोंडही न पाहता, केवळ पत्रांवर आणि पतीवर, पिढ्यान्‌पिढ्या चालला.

हे पोवळे जन्माला कसे आले, याची एक कथा ओव्हिड या रोमन कवीने सांगितली आहे. मेड्युसा नावाच्या राक्षसीचा शिरच्छेद करून परतणाऱ्या पर्सियस या वीराला वाटेत समुद्रकिनारी हात धुवायचे होते. हातातले ते मुंडके खडबडीत वाळूवर कसे ठेवावे, म्हणून त्याने खाली पाने आणि समुद्रातले शेवाळ पसरले आणि त्यावर ते टेकवले. त्या स्पर्शासरशी शेवाळ कठीण झाले. जलपऱ्यांना या प्रकाराची मोठी मौज वाटली. त्यांनी पुन:पुन्हा शेवाळ आणून तो प्रयोग केला आणि त्यातून समुद्रात पोवळी पसरली.

लिव्होर्नोला व्यापाराचे मोठे बंदर करणारा राज्यकर्ता म्हणजे टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्दिनांदो मेदिची. १५९१ आणि १५९३ मध्ये सनदा काढून त्याने परदेशी व्यापाऱ्यांना, विशेषत: ज्यूंना, तिथे वसण्याचे आवाहन केले. याच फर्दिनांदोला १५९८ मध्ये रोमहून एक नजराणा पोहोचला. ती एक गोल ढाल होती आणि तिच्यावर मेड्युसाचे नुकतेच तोडलेले मस्तक रंगवलेले होते. तोंड वासलेले, डोळे विस्फारलेले, केसांच्या जागी वळवळणारे साप आणि मानेखाली रक्ताच्या धारा. चित्रकाराचे वय होते सव्वीसच्या आसपास. त्याचे नाव मिकेलान्जेलो मेरिसी. जग त्याला कारावाज्जो म्हणून ओळखते.

कारावाज्जो हे त्याचे आडनाव नव्हे, ते गावाचे नाव. आपल्याकडे वेंगुर्ल्याचा माणूस मुंबईत आला की वेंगुर्लेकर होतो, त्यातलाच हा प्रकार. मिलानपासून थोड्या अंतरावर हे गाव आहे. मिकेलान्जेलोचा जन्म मात्र मिलान शहरातलाच, १५७१च्या सप्टेंबरअखेरचा. तेथील एका चर्चच्या दप्तरात त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद २००७ मध्ये सापडली आणि जन्मस्थळाचा जुना वाद मिटला. वडील फेर्मो मेरिसी हे कारावाज्जोच्या जहागीरदाराच्या पदरी कारभारी होते. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा कुटुंब गावी परतले, पण प्लेग गावातही पोहोचला. १५७७ मध्ये वडील आणि आजोबा दोघेही गेले. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढे आईही गेली, तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. वडिलोपार्जित जमिनीचा वाटा विकून त्याने पैसे केले आणि रोमची वाट धरली.

तेराव्या वर्षापासून चार वर्षे त्याने मिलानमध्ये सिमोने पेतेरझानो या चित्रकाराकडे उमेदवारी केली होती. पण रोममध्ये या शिकवणीला कोण विचारतो! तिथे तो एका प्रतिष्ठित चित्रकाराच्या कारखान्यात फुले आणि फळे रंगवण्याच्या कामावर लागला. आजारी पडून धर्मादाय रुग्णालयातही राहिला. या दिवसांत हाती पैसा नव्हता आणि समोर बसायला नमुना नव्हता, म्हणून आरशात पाहून त्याने स्वत:लाच रंगवले. फिकट, आजारी ओठांचा मद्यदेव बाकस हे त्याचे त्या काळातले चित्र आजही रोममध्ये पाहता येते. आरसा, स्वत:चा चेहरा आणि एखाद्या पौराणिक पात्राचे सोंग ही सवय त्याला इथून लागली. ती शेवटपर्यंत सुटली नाही.

नशीब पालटले ते पत्त्यांच्या एका चित्राने. एका भाबड्या तरुणाला दोन लबाड पत्तेबाज फसवत आहेत असे ते चित्र कार्दिनल फ्रान्चेस्को मारिया देल मोंते याने विकत घेतले आणि पाठोपाठ चित्रकारालाच आपल्या वाड्यात आसरा दिला. देल मोंते हा रोममधला मेदिचींचा माणूस. त्याला संगीत, काचकाम, रसायने, भूमिती अशा सगळ्यांत गती होती. अशा माणसाला ग्रँड ड्यूकला नजराणा पाठवायचा होता, आणि मेदिचींना मेड्युसाचे आकर्षण जुनेच होते. फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात चेल्लिनीने घडवलेला पर्सियसचा ब्राँझचा पुतळा मेड्युसाचे मुंडके उंचावून १५५४पासून उभा होता. शिवाय लिओनार्दो दा व्हिन्चीने सुरू करून अर्धवट टाकलेली एक मेड्युसा मेदिचींच्या संग्रहात होती, असे वासारी या चरित्रकाराने लिहून ठेवले होते. ती आता नाहीशी झाली आहे. म्हणजे सव्विशीतल्या या पोराला थेट लिओनार्दोशी सामना द्यायचा होता.

मेड्युसा कोण, हे इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिची कथा आपल्याला परकी वाटणार नाही. ओव्हिडच्या मते ती मुळात राक्षसी नव्हतीच. ती एक सुंदर तरुणी होती आणि तिचे केस विशेष देखणे होते. समुद्रदेवाने मिनर्व्हा देवीच्या देवळातच तिच्यावर बळजबरी केली. देवीला आपल्या देवळाचा विटाळ सहन झाला नाही आणि तिने शिक्षा केली ती मेड्युसाला! केसांचे साप झाले आणि तिच्याकडे पाहील तो दगड होऊ लागला. आपल्या अहल्येची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. कपट इंद्राचे आणि शिळा होण्याची पाळी मात्र अहल्येवर. फरक इतकाच, की अहल्येला रामाच्या पायांचा स्पर्श झाला आणि मेड्युसाच्या वाट्याला तलवार आली. पर्सियसने तिच्याकडे थेट पाहण्याचे टाळले आणि चकचकीत ढालीतले तिचे प्रतिबिंब पाहून वार केला. पुढे ते मस्तक देवीने आपल्याच ढालीवर बसवले, शत्रूला धाक बसावा म्हणून.

भयंकर चेहऱ्याला रक्षणाच्या कामी लावण्याची ही रीत आपल्या देवळांना अगदी परिचयाची आहे. शंकराने निर्माण केलेला एक भुकेला गण खायला काही उरले नाही म्हणून त्याच्याच आज्ञेने स्वत:चे अंग खात सुटला आणि शेवटी नुसते मुख उरले. त्याला कीर्तिमुख नाव देऊन शंकराने आपल्या दारी जागा दिली. देवळाच्या उंबरठ्यावर आणि देवाच्या प्रभावळीच्या माथ्यावर बटबटीत डोळ्यांचा, दात विचकणारा जो चेहरा दिसतो तो हाच. दक्षिण कोकणातल्या दशावतारी नाटकाच्या आरंभी, वेद चोरणारा काळ्या पोषाखातला संकासुर येतो, तेव्हा लहान मुले आईच्या पदराआड जातात आणि मोठी माणसे त्याच्या बोलण्याला खदखदून हसतात. राक्षसाला भ्यायचे आणि त्याच्यावर लोभही ठेवायचा, ही दुहेरी भावना कोकणी प्रेक्षकाला शिकवावी लागत नाही. फ्लॉरेन्सच्या त्या ढालीपुढे उभे राहताना ती उपयोगी पडते.

कारागिरीच्या बाजूने पाहिले तरी ही ढाल म्हणजे एक कोडे होते. पॉप्लरच्या लाकडाची, कॅनव्हासने मढवलेली, आणि पुढच्या बाजूला फुगीर. व्यास दोन फुटांच्या आतबाहेर. सपाट फळीवर काढलेला चेहरा फुगीर पृष्ठभागावर काढला तर नाक पसरते आणि गाल ओढल्यासारखे दिसतात. सावंतवाडीच्या चितारींनी गंजिफाच्या तळहाताएवढ्या गोल पानावर दशावतार बसवले तेव्हा त्यांनाही गोलाचे बंधन होते, परंतु पान निदान सपाट होते. कारावाज्जोने यावर जो तोड काढला तो विलक्षण आहे. त्याने मागची हिरवी जमीन अशी रंगवली आणि मस्तकाची व सापांची सावली तिच्यावर अशा तऱ्हेने पाडली, की फुगीर ढाल पाहणाऱ्याला खोलगट वाटते. त्या खोलगट पोकळीच्या पुढे, हवेत, मस्तक तरंगते आहे असा भास होतो. साप तर त्याने जिवंत नमुने समोर ठेवून काढले असावेत इतके खरे आहेत. त्यांच्या खवल्यांवरची तकाकी ओली वाटते.

पण या चित्राचे खरे आश्चर्य चेहऱ्यात आहे. भीती घालणारा चेहरा म्हटला की तो पाहणाऱ्यावर चाल करून येतो. कीर्तिमुख तसे करते, संकासुर तसे करतो. कारावाज्जोची मेड्युसा स्वत:च भ्यालेली आहे. मान धडावेगळी झाल्याचे तिला त्या क्षणीच कळले आहे आणि तोंडातून किंकाळी अजून पुरती निघायची आहे. भुवया आक्रसल्या आहेत, कपाळावर आठी आहे. आणि हा चेहरा बाईचा वाटत नाही. तो एखाद्या तरुण पोराचा आहे. चित्रकाराने आरशात पाहून आपलाच चेहरा तिला दिला, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मला ते पटते. ढाल हा पर्सियसचा आरसा होता. तिच्यात जो डोकावेल त्याला स्वत:चे प्रतिबिंब दिसायला हवे. चित्र काढताना त्या जागी चित्रकार होता, आज तिथे आपण उभे राहतो. देवीने, वीराने आणि कवींनीही जिला फक्त राक्षसी म्हणून पाहिले, तिची वेदना या माणसाने स्वत:च्या तोंडावर घेतली.

याच विषयावर त्याने एक ढाल आधीही रंगवली होती. ती आकाराने किंचित लहान असून खासगी संग्रहात आहे. ग्रँड ड्यूककडे गेलेली ती दुसरी. तिने त्याचे नाव फ्लॉरेन्सला पोहोचवले आणि लगेच पुढच्या वर्षी रोममध्ये त्याला पहिले मोठे सार्वजनिक काम मिळाले. सान लुइजी या फ्रेंचांच्या चर्चमध्ये संत मॅथ्यूच्या जीवनातले प्रसंग रंगवायचे होते. १६०० मध्ये ती चित्रे लागली आणि पाहायला गर्दी लोटली. जकातीचे पैसे मोजणाऱ्या माणसांच्या अंधाऱ्या खोलीत येशू येतो आणि त्याच्यासोबत भिंतीवरून तिरका उजेड येतो, एवढेच त्यातल्या एका चित्रात आहे. रंगमंचावर गॅसबत्ती एका कोपऱ्यात असावी आणि नटाचा अर्धा चेहरा उजळून अर्धा काळोखात जावा, तसा तो प्रकाश. आकाश नाही, निसर्ग नाही, देवदूतांचे ढग नाहीत. युरोपच्या चित्रकलेत पुढची शंभर वर्षे हा उजेड पुरला. ज्या कालखंडाला बरोक म्हणतात, त्याच्या चित्रकलेचा एक उगम इथे आहे. बरोक हा शब्द वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला, अशी त्याची व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे सांगतात.

संतांच्या भूमिकेत त्याने रस्त्यावरची माणसे बसवली. मळके तळवे, फाटके सदरे, सुरकुतलेली कपाळे. मरण पावलेल्या मेरीचे त्याने केलेले चित्र ज्या मठासाठी होते त्या मठाने परत केले. पाय उघडे, पोट फुगलेले, एखाद्या गरीब घरात बाई मरून पडावी तशी देवमाता पाहणे धर्मगुरूंना रुचले नाही. मान्तुआच्या ड्यूकने ते चित्र १६०७ मध्ये घेतले ते रुबेन्स या तरुण फ्लेमिश चित्रकाराच्या शिफारशीवरून, आणि आज ते पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. रुबेन्सने पुढे दहा-बारा वर्षांनी स्वत:ची मेड्युसा रंगवली. ती व्हिएन्नात आहे. जमिनीवर टाकलेले निळसर पडलेले मस्तक, त्यातून बाहेर पडणारे साप, सरपटणारे किडे. पाहताना अंगावर काटा येतो हे खरे, पण ती मेड्युसा मेलेली आहे. तिची किळस येते, कीव येत नाही.

कारावाज्जोने एकही पत्र मागे ठेवलेले नाही, त्याचे म्हणता येईल असे एकही रेखाटन नाही. त्याचे आयुष्य आपल्याला समजते ते बहुतांशी पोलिसांच्या दप्तरातून. परवान्याशिवाय तलवार बाळगल्याबद्दल अटक. १६०३ मध्ये प्रतिस्पर्धी चित्रकार बाल्योने याच्यावर बीभत्स कविता पसरवल्याबद्दल बदनामीचा खटला. १६०४ मध्ये खाणावळीत आर्टिचोकच्या भाजीवरून वाद होऊन वाढप्याच्या तोंडावर ताटली फेकली, ती तक्रार. १६०५ मध्ये एका स्त्रीवरून एका नोटरीवर पाठीमागून वार. गंमत अशी, की पुढे त्याच्या सुरुवातीच्या चरित्रकारांत हाच बाल्योने होता. वैऱ्याने लिहिलेले चरित्र कितीसे निष्पक्ष असणार, तरीही त्याच्या चित्रांचे मोल बाल्योनेला सर्वस्वी नाकारता आले नाही. अशा माणसांभोवती अलौकिक प्रतिभेचे वलय चढवून त्यांची गुंडगिरी रंगेल ठरवण्याची एक प्रथा आहे. या लेखकाला ती मान्य नाही. ज्याच्या तोंडावर ताटली बसली त्या वाढप्याला प्रतिभेशी काय देणेघेणे?

२८ मे १६०६च्या संध्याकाळी हे प्रकरण हाताबाहेर गेले. रोमच्या काम्पो मार्झिओ भागात रानुच्चो तोमास्सोनी नावाच्या तरुणाशी त्याची तलवारबाजी झाली. मांडीला वर्मी घाव बसून तोमास्सोनी रक्तस्रावाने मेला. चेंडूफळीच्या खेळावरील पैजेचे भांडण असे कारण तेव्हा पुढे झाले. जुने वैर असावे असे आताचे संशोधक म्हणतात. कारावाज्जो स्वत: जखमी अवस्थेत रोममधून निसटला. त्याच्यामागे शिक्षा जाहीर झाली ती देहान्ताची. पोपच्या राज्यात तो दिसेल तिथे कोणीही त्याला ठार करावे आणि त्याचे नुसते मस्तक आणून दाखवले तरी बक्षीस मिळावे, असा त्या शिक्षेचा अर्थ होता.

पस्तिशीही न गाठलेला हा माणूस तोवर तोडलेली मस्तके रंगवण्यात निष्णात झाला होता. मेड्युसानंतर होलोफर्नेस झाला होता, ज्याचा गळा ज्युडिथ तलवारीने कापते आहे. आता स्वत:च्या मस्तकावर बोली लागलेली. यापुढच्या चार वर्षांतली त्याची चित्रे हे लक्षात ठेवून पाहावी लागतात.

आधी नेपल्स. तेथे त्याने दयेच्या सात कृत्यांचे चित्र केले. ते ज्या धर्मादाय संस्थेसाठी काढले, तिच्याच चर्चमध्ये ते आजही आहे. मग १६०७च्या जुलैमध्ये माल्टा. तुर्कांशी समुद्रावर लढणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांचे ते बेट. त्यांच्यात सरदारकी मिळाली तर माफीचा मार्ग सुकर होईल, हा त्याचा हिशोब असावा. वर्षभरात ती मिळालीही. तिथे त्याने आपले सर्वांत मोठे चित्र केले: बाप्तिस्मा देणाऱ्या संत जॉनचा शिरच्छेद. सतरा फुटांहून रुंद, आणि त्यातला अर्धाअधिक भाग नुसती रिकामी भिंत. तुरुंगाच्या अंगणात जॉन पालथा पडला आहे, वार पुरता झालेला नाही, म्हणून मारेकरी पाठीमागचा सुरा काढतो आहे. जॉनच्या गळ्यातून वाहिलेल्या रक्ताच्या थारोळ्यात, त्याच तांबड्या रंगात, चित्रकाराने आपली सही केली आहे. त्याचे सहीचे ज्ञात चित्र हे एवढेच, असे एके काळी मानले जाई. त्या पहिल्या मेड्युसेवरही सही आढळली आहे, आणि तीही तिच्या रक्तातच.

सरदारकी मिळून महिना-सव्वा महिना झाला असेल नसेल, तोच पुन्हा मारामारी. या खेपेस एक वरिष्ठ सरदार जबर जखमी झाला. कारावाज्जोला सेंट अँजेलो किल्ल्यात डांबले. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला हा किल्ला. जलदुर्गाच्या तटाची आणि भोवतीच्या पाण्याची कल्पना असलेल्या मालवणच्या माणसाला इथून निसटणे म्हणजे काय ते नेमके समजेल. १६०८च्या ऑक्टोबरमध्ये तो तट उतरून, नौका मिळवून सिसिलीला पोहोचला. मदत कोणी केली ते कधीच उघड झाले नाही. १ डिसेंबरला सरदारांची सभा भरली आणि त्याच्या गैरहजेरीत त्याला सडलेला अवयव म्हणून संघातून कापून टाकण्यात आले. सभेची जागा होती तेच प्रार्थनागृह. भिंतीवर त्याचे ते रक्तातल्या सहीचे चित्र होते.

सिसिलीत तो एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहिला. सिराक्यूज, मेसिना, पालेर्मो. झोपतानाही कट्यार जवळ ठेवी असे जुने चरित्रकार सांगतात. तरीही कामे येत होती आणि तो भराभर ती उरकत होता. पालेर्मोतले त्याचे ख्रिस्तजन्माचे चित्र १९६९ मध्ये चोरीला गेले, ते आजतागायत सापडलेले नाही. १६०९च्या ऑक्टोबरमध्ये तो नेपल्सला परतला आणि एका खाणावळीच्या दारात त्याला गाठून चेहरा ओळखू येऊ नये इतका फाडण्यात आला. तो मेल्याची वार्ता रोमला पोहोचली होती.

तो वाचला. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते याच सुमारास त्याने डेव्हिडचे चित्र केले, जे रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. काळोखातून पुढे आलेला किशोर डेव्हिड एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात गोलायथ राक्षसाचे मुंडके केसांनी धरून उभा आहे. डेव्हिडच्या चेहऱ्यावर विजय नाही, खिन्नता आहे. तलवारीवर कोरलेली आद्याक्षरे विनयाने गर्वाचा वध केल्याचे सुचवतात. आणि ते मुंडके चित्रकाराचे स्वत:चे आहे, याबद्दल सतराव्या शतकापासून एकमत आहे. कपाळावर जखम, तोंड वासलेले, एक डोळा विझलेला आणि दुसरा अजून पाहणारा. मेड्युसाशी हे मुंडके ताडून पाहावे. तेच उघडे तोंड, तीच आठी, तेच मानेखालचे रक्त. मधे बारा वर्षे गेली आहेत. सव्विशीत त्याने राक्षसीचा चेहरा सोंगासारखा चढवून पाहिला होता. आता तो सोंग उरला नव्हता. हे चित्र पोपच्या पुतण्याकडे, कार्दिनल शिपिओने बोर्गेझेकडे, गेले. माफी त्याच्याच हातात होती. कायदा मागत होता ते मस्तक चित्रकाराने रंगवून पाठवले, असा याचा अर्थ लावला जातो.

माफीची चिन्हे दिसू लागली, तसा १६१०च्या जुलैमध्ये तो काही चित्रे घेऊन नेपल्सहून लहानशा शिडाच्या होडीने रोमकडे निघाला. पालो या ठाण्यावर उतरताच त्याला, बहुधा चुकीच्या समजुतीने, अटक झाली. सुटून बाहेर येतो तो होडी चित्रांसह निघून गेलेली. तिला गाठण्यासाठी तो उत्तरेकडे पोर्तो एर्कोलेपर्यंत गेला. तिथे १८ जुलै १६१० रोजी तापाने त्याचा अंत झाला. वय अडतीस. होडीतल्या चित्रांपैकी संत जॉनचे एक चित्र मात्र शिपिओनेने मिळवलेच.

त्यानंतर शे-दीडशे वर्षांत त्याचे नाव पुसट झाले. त्याचा उजेड मात्र शिष्य-प्रशिष्यांच्या आणि परक्यांच्या हातांतून फिरत राहिला. आर्तेमिझिया जेन्तिलेस्की, व्हेलास्केस, रेम्ब्रां, असा त्याचा प्रवास. युरोपच्या कलाशाळांनी छायाप्रकाशाचे ते गणित अभ्यासक्रमात घेतले आणि तेथून ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. १८८२ मध्ये सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर याच शाळेत शिकले. त्यांची दिवा हाती धरलेली स्त्री म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ती राजा रविवर्म्याची समजतात. हाताआडच्या एकाच ज्योतीने उजळलेला तो चेहरा आणि भोवतीचा काळोख पाहताना या दूरच्या नात्याची आठवण ठेवावी. हळदणकरांनी समोर बसवली होती ती स्वत:ची मुलगी, आणि त्या काळोखात भीती नाही, हा भाग वेगळा. कारावाज्जोचे पुनर्वसन झाले ते १९५१ मध्ये, रॉबेर्तो लोंगी या कलासमीक्षकाने मिलानमध्ये भरवलेल्या प्रदर्शनाने.

ढाल मात्र या सगळ्या काळात मेदिचींकडेच राहिली, तीही चित्रदालनात नव्हे, शस्त्रागारात. इराणच्या शाह अब्बासने पाठवलेल्या चिलखताबरोबर ती मांडलेली होती. फर्दिनांदोचा पणतू तिसरा कोसिमो याने गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीसाठी फ्लॉरेन्समध्ये संगमरवर आणि जास्परचा चौथरा घडवून घेतला. शिल्पकार होता फोज्जिनी. काम दहा वर्षे चालले आणि १६९८ मध्ये तो चौथरा जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमध्ये उभा राहिला. संतांच्या मस्तकाखालच्या उशीच्या मोबदल्यात कोसिमोने तो दिला, असे सांगतात. सावंतवाडीहून दीड-दोन तासांत तिथे पोहोचता येते. मेदिचींच्या खजिन्यातली एक वस्तू आपल्या इतक्या जवळ आहे, हे चर्चमध्ये रांगेत उभ्या असलेल्या फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

कोसिमोची मुलगी आन्ना मारिया लुइझा ही त्या घराण्याची अखेरची वारस. घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर कधीही नेऊ नये, असा करार तिने १७३७ मध्ये नव्या राज्यकर्त्यांशी केला. म्हणून मेड्युसा आजही फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. ती काचेआड ठेवलेली आहे. बघणारे समोरून, बाजूने, वाकून तिच्या नजरेला नजर देण्याचा प्रयत्न करतात. तिचे डोळे खाली आणि किंचित एका कडेला वळलेले आहेत.